पाच लिटर

तीन नंबरच्या मशीनवर सहसा कुणी येत नाही. त्यातून भारीतलं पेट्रोल येतं, आणि आमच्या पंपावर येणाऱ्या स्कूटरी, टेम्पो आणि चेपलेल्या गाड्यांना ते कशाला हवंय? मी रोज सकाळी त्या मशीनवरची धूळ पुसायची आणि मग दिवसभर त्यालाच पाठ टेकून उभी राहायची. पंप मामाचा, मशीन मामाचं, टेकायला माझं काय जातंय.

त्या रविवारीही मी टेकूनच उभी होते. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, हातात चहाचा कप होता. आणि लांबून तो आवाज आला...

मोठा नव्हता. मोठे आवाज मला नवे नाहीत; सायलेन्सर काढून हिंडणारी टाळकी रोज इथून जातात आणि मी रोज त्यांचा उद्धार करते. हा आवाज वेगळा होता. तो आधी पायांना कळला, मग कानांना. कपातल्या चहावर बारीक वलयं उठली. मी चहा प्यायचीच विसरले.

धुक्यातून ती आली. गडद निळी, जमिनीला चिकटून चालणारी, दोनच सीटची. नाक लांब, मागचा भाग रुंद, अंगभर दवाचे थेंब. एक नंबरच्या मशीनवर टेम्पोवाला मला काहीतरी सांगत होता, तो वाक्य अर्धं टाकून बघत राहिला. आणि मामा कॅबिनच्या बाहेर आला. पंपावर भूकंप झाला तरी आधी गल्ल्याला कुलूप लावणारा माझा मामा, चष्मा कपाळावर सरकवून बाहेर येऊन उभा राहिला.

मी मनात तयारी करून ठेवली. अशा गाडीतून कोण उतरणार ते ठरलेलं असतं — काळा गॉगल, बापाचे पैसे, आणि बोटावर चावी फिरवत 'ए, फुल कर'. उतरला तो एक सडपातळ मुलगा. इस्त्रीचा शर्ट, बाह्या नीट दुमडलेल्या, वय फार तर माझ्याएवढं. दार त्याने इतक्या हळू लावलं, की आत कुणी झोपलंय असं वाटावं.

"किती?" मी विचारलं.

"पाच."

"पाच हजार?"

"लिटर," तो म्हणाला.

टेम्पोवाला फिस्सकन हसला. त्या मुलाचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. मलाही हसू फुटत होतं, खोटं कशाला बोलू. पण पंपाचा नियम म्हणून मीटरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "झिरो बघा." हे मी दिवसभर म्हणत असते आणि कुणीही बघत नाही. कुणी फोन बघतं, कुणी आरशात केस बघतं. हा मात्र वाकला आणि त्याने खरोखर झिरो बघितला.

"बघितला," तो म्हणाला. "करा सुरू."

पाच लिटर भरायला किती वेळ लागतो? डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालंसुद्धा. तो निघून गेला आणि डोंगराच्या रस्त्याला लागला. पहिल्या वळणापर्यंत आवाज ऐकू येत होता. तो संपेपर्यंत आम्ही तिघंही त्या वळणाकडेच बघत होतो.

"हत्ती घेतलाय पोरानं," मामा शेवटी म्हणाला, "आणि मूठभर गवत घालतोय."

मग तो दर रविवारी यायला लागला. धुकं, तो आवाज, तीन नंबरचं मशीन, पाच लिटर. मामाने त्याचं नावच पाडलं. "ऊठ, तुझा पाच लिटर आला." आता 'तुझा' कशाला? पण मामाच्या तोंडी कोण लागणार. मी फक्त रविवारी जरा लवकर उठायला लागले आणि वेणी जरा नीट घालायला लागले, इतकंच.

"एवढ्या गाडीला पाच लिटर म्हणजे काय होतं हो?" एकदा मी विचारलंच.

"तिचे ओठ ओले होतात."

"आणि मालकाचं?"

"मालकाच्या घशाला कोरड." तो हसला. हसताना त्याचा एकच गाल आत जातो, हे मला तेव्हा कळलं. "वर तलावापर्यंत जायला आणि परत यायला बरोबर पाच लागतात. मग आठवडाभर झाकून ठेवतो."

"का?"

"परवडत नाही."

बाकी काही नाही. ना खाकरला, ना इकडेतिकडे बघितलं. आमच्याकडे लोक शंभराचं पेट्रोल भरतानाही 'एटीएम बंद होतं' म्हणून सांगतात. हा एवढी देखणी गाडी उभी करून सरळ म्हणतोय, परवडत नाही.

तो काय करतो ते मला एका बुधवारी कळलं. पंपातून बाहेर पडायच्या वाटेवर एक छोटी पांढरी गाडी आचके देत बंद पडली. डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. चालवायला एक घामाघूम बाई, मागे हॉर्नचा गोंधळ, आणि शेजारच्या सीटवर... पाच लिटर. तीच इस्त्री, त्याच दुमडलेल्या बाह्या.

"काकू, मागच्यांना वाजवू द्या. त्यांना घाई आहे, आपल्याला नाही. क्लच हळूच सोडा. तो पळून जात नाहीये."

काकूंनी क्लच सोडला. गाडी बेडकासारखी एक उडी मारून पुन्हा बंद पडली.

"छान," तो म्हणाला. "मघापेक्षा लांब गेलो."

मी मशीनमागे तोंड लपवून इतकी हसले की मामाने कॅबिनमधून डोळे वटारले. पण त्या रात्री जेवताना मला त्याचं ते 'छान' आठवत राहिलं. इतक्या शांतपणे माझ्याशी कुणी कधी बोललं होतं का, याचा मी विचार करत बसले आणि भात गार झाला.

रविवारी मी तयारच होते. "काय मास्तर, काकू सुटल्या का?"

त्याचे कान पुन्हा लाल. "बघितलंत वाटतं."

"सगळ्या गावानं बघितलं. दिवसभर उड्या मारणाऱ्या गाडीत बसता, आणि रविवारी ही. हौस म्हणायची का सूड?"

तो गाडीच्या छतावरचे दवाचे थेंब बोटाने एकमेकांत मिसळवत राहिला. मग म्हणाला, "आठवडाभर माझ्या पायाखाली फक्त ब्रेक असतो. ॲक्सिलरेटर कायम दुसऱ्याकडे. अठराव्या वर्षापासून हेच काम करतोय, तेव्हापासून पैसे साठवले. वाटलं, एकदा तरी... आपल्या पायाखाली असावं."

मी म्हटलं, "झिरो बघा."

माझी चूक झाली ती पुढच्या रविवारी. म्हणजे तशी ती दोघांची, पण नोझल माझ्या हातात होतं.

आमच्या कामात एक गोष्ट कधी विसरायची नसते. नोझल टाकीत घालण्याआधी मशीनवर आकडा टाकायचा. पाच म्हटलं की पाच दाबायचं, पाच झाले की मशीन आपोआप थांबतं. आकडा नाही टाकला तर टाकी काठोकाठ भरेपर्यंत ते चालूच राहतं, त्याला कुठे माहीत गिऱ्हाइकाचा खिसा केवढा आहे.

मी नोझल घातलं. "झिरो बघा," म्हटलं. आणि तो म्हणाला, "बघितला." पण तो मीटरकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. मग मी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "तुम्ही कधी बसलात का अशा गाडीत?" मी म्हटलं, "मी मामाच्या डबा गाडीत बसते, तिची खिडकी स्क्रूड्रायव्हरनं उघडावी लागते." तो हसला, तो गाल आत गेला, मग मला मामाच्या डब्याचा अख्खा इतिहास सांगावासा वाटला, आणि मी सांगितला. पुलावर दार निखळलं होतं ते, आजीला घेऊन लग्नाला जाताना ढकलावी लागली होती ते...

टक्.

नोझल आपोआप थांबलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी मीटरकडे बघितलं.

टाकी फुल झाली होती.

मामा बाहेर आला. त्याने मीटर बघितला, मला बघितलं, त्याला बघितलं. "नोझल ज्याच्या हातात, चूक त्याची," एवढंच म्हणाला आणि परत आत गेला. म्हणजे माझ्या पगारातून. आता पेट्रोल काही परत उपसता येत नाही, आणि महिनाभराच्या माझ्या पगाराला कात्री लागणार होती.

"अर्धे मी देतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही.

"चूक माझी आहे."

"मीपण झिरो बघितला नाही." आणि एकदम कान लाल. "अर्धे माझे, अर्धे तुमचे. पण मग अर्धं पेट्रोलही तुमचं."

"मी काय घरी नेऊन हंड्यात भरू?"

"नाही..." तो गाडीच्या छताकडे बघत म्हणाला. "तुमच्या वाटणीचं संपेपर्यंत तुम्हाला फिरवून आणायला लागेल. वरचं अर्धं तुमचं. काटा मधोमध आला की हिशोब मिटला."

मी कॅबिनकडे बघितलं. मामा पाठ करून बसला होता. पाठ करूनच मोठ्याने म्हणाला, "तासाभरात परत ये. आणि सीटबेल्ट लाव."

मी बडबडी आहे हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. घरी म्हणतात, हिच्या जिभेला ब्रेक नाही. त्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या मी सुरू झाले. सीट केवढी खाली आहे, हे बटण कसलं, आत चामड्याचा वास किती छान येतो. तो हळूच चालवत होता. वळणावर हात असे फिरवत होता की मला वळण कळतच नव्हतं, फक्त डोंगर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात होता. मी मनात म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी एवढा जीव टाकतो हा?

वर तलावाच्या कडेने सरळ रस्ता आहे. लांबच लांब, रिकामा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच झाडं. तिथे तो म्हणाला, "धरून बसा."

"कशाला?" मी म्हटलं, आणि पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघालाच नाही.

पाठ सीटला चिकटली. तो आवाज, जो मी लांबून ऐकायची, तो आता माझ्या छातीत होता. झाडांची झाडं राहिली नाहीत, नुसती हिरवी भिंत झाली, आणि पाणी पांढरं झालं. मला भीती वाटायला हवी होती. पण भीतीच्या जागी काहीतरी दुसरंच भरून आलं. एवढी ताकद जगात आहे, आणि ती या मुलाच्या पायाच्या अंगठ्याखाली गुपचूप बसून असते, आणि तो तिला आठवड्यातून एकदाच, इतक्या जपून हाक मारतो... माझे डोळे भरले. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

रस्ता संपायच्या कितीतरी आधी त्याने पाय काढला. गाडी तलावाच्या कठड्याशी थांबली, इंजिन बंद झालं. तापलेलं लोखंड निवत होतं, त्याचा बारीक टिक... टिक... आवाज येत होता. पाण्यावर एक पक्षी होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"घाबरलात?"

"गप्प बसा जरा," मी म्हटलं.

तो गप्प बसला. मीही. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढा वेळ गप्प बसले नव्हते. परत आल्यावर मामाने विचारलं, "काय गं, जीभ वर ठेवून आलीस का?" त्यालाही उत्तर दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तो पेट्रोल भरायला आलाच नाही, मला न्यायला आला. काटा हळूहळू खाली येत होता. कधी बारीक भुरभुर असायची, काचेवरचे थेंब वाऱ्याने वर पळायचे. कधी मी घरून डब्यात काहीबाही आणायची आणि तो गाडीत खाऊ द्यायचा नाही. कठड्यावर बसून खायला लावायचा, नंतर हात पुसायला रुमाल पुढे करायचा. तो काकूंच्या गोष्टी सांगायचा. काकू आता तिसऱ्या गिअरपर्यंत आल्या होत्या. मी मामाच्या नकला करायची. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

मग एका रविवारी काटा मधोमध आला. मी बघितला. त्यानेही बघितला असणार, त्याची नजर त्या काट्यावरून कधी हटायचीच नाही. हिशोब मिटला होता. माझं पेट्रोल संपलं होतं.

"आज पाणी किती निळं दिसतंय," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. पाणी चांगलं करड्या रंगाचं होतं.

पुढच्या रविवारी काटा मधल्या रेघेच्या खाली होता. तरी तो आला आणि तरी मी बसले. दोघांनाही काटा दिसत नव्हता, असं आमचं न बोलता ठरलं होतं.

पण काटा खाली यायचा थांबत नाही, कुणी बघो न बघो. एके दिवशी कठड्यावर बसून त्याने सांगितलं. "महिनाअखेरीस विमा संपतोय."

"मग परत काढायचा."

"विचारून आलो. विमावाला म्हणाला, तुमचं वय बावीस आणि गाडीचा जोर एवढा, या दोन गोष्टी आम्हाला एका कागदावर बघवत नाहीत. आकडा ऐकून मी विचारलं, हा विम्याचा आहे का गाडीचा." तो हसायला गेला, पण गाल आत गेला नाही. "पंचविशीनंतर कमी होतो म्हणे. आणि मागचे टायर गुळगुळीत झालेत. त्यांच्या किमतीत काकूंची पांढरी गाडी येईल. मी घ्यायचं गणित चार वर्षं केलं. ठेवायचं केलंच नाही."

"मग?"

"एक दातांचे डॉक्टर बघून गेलेत. पन्नाशीचे आहेत. त्यांना विमा माझ्या निम्म्यानेसुद्धा नाही. चांगला माणूस आहे. दार हळू लावलं त्यांनी."

माझ्या काळजात चर्र झालं. गाडीसाठी झालं, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी जास्त झालं. गाडी गेली की तीन नंबरच्या मशीनवर हा कशाला येईल? मामाचा पंप काही त्याच्या घराच्या वाटेवर नव्हता. तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. पण हे बोलायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी आवाज आलाच नाही. धुकं उठलं, ऊन आलं, टेम्पोवाला येऊन गेला. मी तीन नंबरचं मशीन पुसून पुसून चकचकीत केलं. आणि मग रस्त्याच्या कडेने कुणीतरी चालत येताना दिसलं. इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली, बूट धुळीने माखलेले.

"गाडी कुठंय?" मी विचारलं. "विकलीस?"

"नाही. घरी आहे."

"बिघडली?"

"नाही."

"मग एवढ्या लांब चालत आलास? वेड लागलंय?"

त्याने बुटांकडे बघितलं, मग मशीनकडे, मग मीटरवरच्या झिरोकडे. "गाडी आणली की काटा खाली येतो," तो म्हणाला. "आता थोडंच उरलंय. ते संपलं की... तुला न्यायला काही कारण राहत नाही. म्हणून म्हटलं, चालत जाऊ. चालायला पेट्रोल लागत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्या गाडीने तलावाकाठी माझ्या छातीत जे केलं होतं ना, तेच झालं. इंजिन नव्हतं, वेग नव्हता, नुसता एक घामेजलेला मुलगा होता. एवढं सगळं कुणी माझ्यासाठी साठवून ठेवतंय? मला खरंच पटेना. आणि मला कुणी असं भारावून टाकलं की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

"हे बघ," मी म्हटलं. "तू माझ्यासाठी चालत आलास, हे मला इतकं आवडलंय की मी आज रात्री झोपणार नाही. पण चार वर्षं पोटाला चिमटा काढून ती गाडी काय झाकून ठेवायला घेतलीस? जे उरलंय ते उडवायचं. सगळं. थेंब ठेवायचा नाही. पुढच्या रविवारी घेऊन ये तिला."

"आणि मग?"

"मगचं मग."

तो रविवार मी विसरणार नाही. तो आला तेव्हा मामा स्वतः बाहेर आला, हातात फडकं आणि पाण्याची बाटली. त्याने निळ्या गाडीची पुढची काच पुसली, एकदा ओल्या फडक्याने आणि एकदा कोरड्या. मामाने कुणाची काच पुसलेली मी कधी बघितली नव्हती. पुसून झाल्यावर त्याने बॉनेटवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि आत गेला.

तलावाच्या सरळ रस्त्याच्या तोंडाशी तो थांबला. गाडीतून उतरला, फिरून माझ्या बाजूला आला आणि चावी पुढे केली.

"मी?"

"लायसन्स आहे ना?"

"मामाच्या डब्याचं आहे."

"गाडी ती गाडी," तो म्हणाला. मी उतरून स्टिअरिंगमागे गेले, तो शेजारच्या सीटवर बसला. त्याच्या रोजच्या जागेवर. फक्त आज त्याच्या पायाखाली ब्रेकसुद्धा नव्हता. मला ते एकदम कळलं आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"क्लच हळूच सोड," तो त्या आवाजात म्हणाला, त्या काकूंच्या आवाजात. "घाई नाही. छान."

गाडी उडी न मारता निघाली. रस्ता समोर उलगडत गेला. "आता," तो म्हणाला. मी पाय दाबला, आणि सगळा डोंगर, सगळं पाणी, सगळं आभाळ माझ्या अंगावर धावून आलं. मी ओरडले नाही, हसले नाही. श्वास तेवढा घेतला असेन. असं काही माझ्या पायाखाली असू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

कठड्याशी थांबल्यावर मी वळून बघितलं. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. किती वेळ बघत नव्हता कोण जाणे.

"मास्तर, रस्त्यावर लक्ष हवं," मी म्हटलं.

"परवडली नाही," तो म्हणाला. "पण घेतली ते बरं केलं."

लोखंड निवत होतं, टिक... टिक... त्याचा हात गिअरवर होता. मी माझा त्यावर ठेवला. काट्याखालचा लाल दिवा पेटला होता, तो दोघांनीही बघितला.

गाडी गेली. पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. मी वेणी घालायची सोडली. मामाने 'तुझा पाच लिटर' म्हणणं बंद केलं, आणि त्याचंच मला जास्त लागलं. चिडवणारा माणूस गप्प बसला की समजावं, आपली अवस्था लोकांना दिसतेय. त्यात दोघांचीही अक्कल बघा, इतक्या दिवसांत एकमेकांचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता. गरजच काय होती, तो आवाज यायचाच ना.

मग एका रविवारी मी साध्या पेट्रोलच्या दोन नंबरवर होते. रांग लागली होती. मी मान खाली घालून आकडे दाबत होते. एक जुनी स्कूटर फटफटत पुढे आली, पत्रा खडखडत होता, हँडलला एक जादा हेल्मेट लटकत होतं.

"टाकी फुल," हेल्मेटमधून आवाज आला.

माझा हात बटणावरच राहिला. त्याने काच वर केली. कान दिसत नव्हते, पण लाल असणार हे मला माहीत होतं.

"कुठे होतास?" मी विचारलं. आवाज कडक काढायचा होता, तो फाटला.

"तोंड दाखवायची लाज वाटत होती. गाडीशिवाय यायचं म्हणजे..."

"मागे आला होतास की चालत."

"तेव्हा घरी गाडी होती."

"मूर्खा," मी म्हटलं, "इतके रविवार मी बोलत कुणाशी होते? गाडीशी?"

मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. त्याने मागे वळून न बघता सांगितलं, "वाजवू दे त्याला. त्याला घाई आहे." मग स्कूटरच्या सीटवर थाप मारली. "विमा भरला. टायर नवे आहेत. बाकीचे पैसे पंचविशीसाठी ठेवलेत. पण तोपर्यंत ही. ही मला रोज परवडते. रोज येऊ शकतो मी. म्हणजे... चालेल का?"

मी टाकीचं झाकण उघडलं. नोझल घातलं. "झिरो बघा," म्हटलं.

"बघितला," तो म्हणाला. तो मीटरकडे बघतच नव्हता.

मी आकडा टाकलाच नाही. त्याच्याकडे बघत उभी राहिले, अगदी निवांत, रांग गेली उडत. टक् आवाज झाला. मीटरवर पाच लिटरला चिमूटभर कमी होतं.

"भरली," मी म्हटलं. "चालेल."

मामा कॅबिनच्या बाहेर आला होता, चष्मा कपाळावर. जणू धुक्यातून तीच निळी गाडी आली होती, तसा तो त्या खडखडणाऱ्या स्कूटरकडे बघत होता. माझ्या हातातलं नोझल त्याने काढून घेतलं. "तासाभरात ये," म्हणाला. "आणि हेल्मेट घाल."

डोंगराच्या रस्त्यावर स्कूटर इतकी हळू चढत होती की सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मी त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला धरून बसले होते. झाडं एकेक करून दिसत होती, प्रत्येकाची पानं वेगळी. एवढ्या वेळा या रस्त्याने गेले आणि ही झाडं मी पहिल्यांदाच बघत होते. छातीत तेच भरून आलं होतं, आणि या वेळी ते संपणारं नव्हतं.

"काय झालं?" त्याने मान वळवून विचारलं. "एवढी गप्प का? घाबरलीस?"

"गप्प बस जरा," मी म्हटलं.